अंगावरच्या कॅमेऱ्याची बॅटरी झोपेत का संपते?

कॅमेरा बसवलेले रे-बॅन मेटा चष्मे मे २०२५ मध्ये भारतात रीतसर विकायला आले, आणि तेव्हापासून एक प्रश्न सारखा कानावर येतो. मनगटावरचा फिटनेस बँड एकदा चार्ज केला की दोन आठवडे बघायला लागत नाही. मग एवढा महागडा चष्मा संध्याकाळपर्यंतही का तग धरत नाही? विचारणाऱ्याची समजूत अशी, की चष्म्यातली बॅटरीच चिमुकली असणार. पण बँडमधली बॅटरी साधारण दोनशे मिलिअँपिअर-तासांची असते आणि या चष्म्यांच्या पहिल्या पिढीतली दीडशेच्या आसपास. डावं-उजवं करावं एवढाही फरक नाही. तरी एक दोन आठवडे चालतो आणि दुसरा चारेक तासांत मान टाकतो.

हे कोडं सोडवायला चष्मा जरा अवघड उदाहरण आहे, कारण त्यात माइक, स्पीकर, ब्लूटूथ असं बरंच काही कोंबलेलं आहे. त्यापेक्षा एक साधं यंत्र घेऊ. शर्टाच्या खिशाला अडकवायची काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी. दर तीस सेकंदांना ती एक फोटो काढते, सोबत तापमान, दमटपणा, हवेचा दाब आणि हालचाल मोजते, आणि सगळं वेळेसकट कार्डावर लिहून ठेवते. अशा नोंदी ठेवणाऱ्या यंत्राला डेटा लॉगर म्हणतात. मुंबईत अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाची मुलं दरवर्षी असं काही ना काही बनवायला घेतात. पर्यावरण शिकणाऱ्यांना रोज डोंबिवलीहून सीएसएमटीला जाणाऱ्या माणसाच्या वाट्याला किती उकाडा आणि किती गर्दी येते हे हवं असतं. व्यायाम, आहार, कामाच्या जागची सुरक्षा यांवर काम करणाऱ्यांनाही हेच यंत्र वेगळ्या वेषात हवं असतं.

कल्पना जुनी आहे. केंब्रिजच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये लिंडसे विल्यम्स यांच्या डोक्यातून सेन्सकॅम नावाचा गळ्यात घालायचा कॅमेरा निघाला, त्याला आता वीस वर्षं उलटून गेली. तो साधारण दर तीस सेकंदांना फोटो काढायचा, शिवाय उजेड बदलला किंवा समोर माणूस आला की सेन्सरच्या इशाऱ्यावरही काढायचा. स्मृती गेलेल्या रुग्णांना दिवस पुन्हा आठवायला त्या फोटोंची मदत होते का, हे तिथल्याच ॲडनब्रुक्स हॉस्पिटलमध्ये तपासलं गेलं, आणि उत्तर उमेद वाढवणारं आलं. पुढे २०१२ मध्ये स्वीडनच्या मेमोटो कंपनीनं लोकवर्गणीतून असाच इवलासा कॅमेरा आणला. नंतर त्याचं नाव नॅरेटिव्ह क्लिप झालं आणि २०१६ मध्ये कंपनीनं गाशा गुंडाळला. म्हणजे यंत्र बनवता येतं. ते दिवसभर चालवणं आणि लोकांच्या गळी उतरवणं अवघड आहे. यातल्या पहिल्या अडचणीकडे आधी वळू.

ड्रम, बादली आणि गळकी तोटी

चाळीत पहाटे पाणी येतं, तासाभरात ड्रम भरून ठेवायचा आणि दिवस त्यावर काढायचा. बॅटरी म्हणजे तो ड्रम. मिलिअँपिअर-तास हे ड्रमचं माप आणि मिलिअँपिअर म्हणजे तोटीतून पाणी किती जोरानं जातंय ते. ३०० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीतून सतत १ मिलिअँपिअर ओढला तर ३०० तास, १०० ओढला तर ३ तास. मिलिअँपिअरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रोअँपिअर. परिभाषा एवढीच, याहून जास्त लागणार नाही.

आता घरात अंघोळीला किती बादल्या लागतात हे सगळ्यांना पाठ असतं. मोरीतली तोटी रात्रभर ठिबकते ते पाणी कोणी मोजत नाही. पहिल्यांदा अंगावरचा कॅमेरा बनवणारे नेमके इथेच फसतात. ते फोटोचा हिशेब करतात, ठिबकण्याचा करत नाहीत.

एका फोटोचा हिशेब

लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे पाटीवरच्या डॉ. भडकमकर मार्गावर, कुठल्याही दुकानात ‘कॅमेरावाला बोर्ड द्या’ म्हटलं की बहुतेक वेळा ईएसपी ३२ कॅम नावाचा बोर्ड, म्हणजे चिप आणि बाकीचे भाग बसवलेली पट्टी, हातात पडतो. बोटाएवढा, त्यावर ओव्ही २६४० हा दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा, मागे मेमरी कार्डाची खाच. शिकायला झकास आहे. उदाहरणाला तोच घेऊ.

फोटो काढायला बोर्ड जागा होतो, कॅमेरा सुरू करतो, उजेडाचा अंदाज घेतो, फोटो टिपतो, कार्डावर लिहितो आणि पुन्हा झोपतो, म्हणजे पुढच्या फोटोपर्यंत जवळपास सगळं बंद ठेवतो. वाय-फाय बंद ठेवलं तर या सगळ्याला दीडेक सेकंद आणि सरासरी १२० मिलिअँपिअर धरायला हरकत नाही. दीड सेकंद गुणिले १२० भागिले ३६०० केलं की येतात ०.०५ मिलिअँपिअर-तास. एका फोटोची किंमत एवढीच. सकाळी आठ ते रात्री आठ, दर तीस सेकंदांना एक, म्हणजे १४४० फोटो. दिवसाचा खर्च ७२ मिलिअँपिअर-तास. तीनशेची बॅटरी चार दिवस चालायला हवी.

प्रत्यक्षात डबी दुसऱ्या दिवशी दुपारी बंद पडते. मग ‘बॅटरी डुप्लिकेट निघाली’ म्हणून दुकानदाराशी हुज्जत सुरू होते. कधी कधी ती खरंच डुप्लिकेट असते, पण बहुतेक वेळा दोष तोटीचा असतो. या बोर्डावरची मुख्य चिप गाढ झोपेत जेमतेम १० मायक्रोअँपिअर घेते. अख्खा बोर्ड मात्र गाढ झोपेतसुद्धा किमान ६ मिलिअँपिअर ओढतो, हे खुद्द उत्पादकाच्या माहितीपत्रकात छापलेलं आहे. चिपच्या सहाशे पट. चोवीस तासांत १४४ मिलिअँपिअर-तास, म्हणजे दिवसभर फोटो काढायला जेवढं लागतं त्याच्या दुप्पट, आणि तेही काही न करण्याबद्दल. दोन्ही मिळून दिवसाला २१६. सकाळी आठला सुरू केलेली डबी कागदावर दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला संपते. शिवाय या बोर्डाला ५ व्होल्ट लागतात, बॅटरी देते ३.७ च्या आसपास. ते व्होल्टेज वाढवणाऱ्या सर्किटचा तोटा मी अजून धरलेलाच नाही.

बँड दोन आठवडे का चालतो, हेही यातून कळतं. त्याचा सरासरी खर्च अर्ध्या मिलिअँपिअरच्या आसपास असतो, कारण तो बहुतेक वेळ खरोखर झोपलेला असतो आणि त्याच्या सर्किटमध्ये ठिबकणारी तोटी ठेवलेली नसते.

गळती नेमकी कुठे असते

पहिला संशयित म्हणजे रेग्युलेटर. बॅटरीचं कमी-जास्त होणारं व्होल्टेज एका ठरावीक पातळीवर आणणारा हा तीन पायांचा तुकडा. स्वस्त बोर्डांवर सर्रास एएमएस १११७ लावलेला असतो. तो पुढे कोणाला काही देत नसला तरी स्वतःसाठी ५ मिलिअँपिअरच्या आसपास घेत बसतो. भिंतीतल्या प्लगवर चालणाऱ्या यंत्रात हे कुणाच्या लक्षातही येत नाही. त्याच्या जागी एचटी ७८३३ सारखा, स्वतःला चार-पाच मायक्रोअँपिअर पुरणारा रेग्युलेटर लावला की निम्मी लढाई जिंकली. पाच रुपयांचा भाग पाचशे रुपयांची बॅटरी वाचवतो, असं म्हणायला मला आवडतं, भाव मात्र दुकानागणिक बदलतात.

दुसरा, ‘पॉवर ऑन’ दाखवणारा दिवा. उपटून टाका.

तिसरा कॅमेरा आणि चौथं मेमरी कार्ड. दोघांनाही झोपायला सांगता येतं, पण ती झोप सावध असते. कार्डांचं तर असं, की एकाच कंपनीच्या दोन कार्डांची झोपेतली भूक वेगळी निघते. खात्रीचा उपाय म्हणजे दोघांचा वीजपुरवठाच तोडायचा. त्यासाठी मॉसफेट नावाचा छोटा इलेक्ट्रॉनिक स्विच लागतो. चिप जागी झाली की तो चालू करते, झोपायच्या आधी बंद करते.

इथे एक खाचखळगा आहे, जो पुस्तकात क्वचित सापडतो. मॉसफेट बंद केला, तरी कॅमेऱ्याच्या किंवा कार्डाच्या डेटाच्या तारा चिपला जोडलेल्याच असतात. चिपची एखादी पिन ‘हाय’ पातळीवर, म्हणजे व्होल्टेज देत, राहिली तर वीज त्या तारेतून मागच्या दारानं आत शिरते आणि बंद केलेला कॅमेरा अर्धवट जागा राहतो. मीटरवर कारण नसताना एखाद-दोन मिलिअँपिअर दिसत राहतात. म्हणून पुरवठा तोडण्याआधी त्या सगळ्या पिना खाली आणायच्या किंवा मोकळ्या सोडायच्या, आणि त्यांच्यावर त्यांना ‘हाय’कडे ओढून धरणारे रेझिस्टर, म्हणजे प्रवाहाला अडवणारे छोटे भाग, असतील तर तेही मॉसफेटच्या पलीकडच्या बाजूला न्यायचे.

एवढं केलं की झोपेतला खर्च ५० मायक्रोअँपिअरपर्यंत सहज उतरतो. चोवीस तासांत १.२ मिलिअँपिअर-तास. कुठे १४४ आणि कुठे सव्वा!

मोजायचं कसं

प्रवाह आणि व्होल्टेज मोजायच्या साध्या मल्टिमीटरनं मोजायला गेलात तर एक गंमत होते. मीटर मायक्रोअँपिअरवर ठेवला की झोपेतला आकडा छान दिसतो, पण बोर्ड जागा व्हायला लागला की धपकन बंद पडतो आणि पुन्हा सुरू होऊ बघतो. दोष बोर्डाचा नाही. मायक्रोअँपिअर मोजताना मीटर वाटेत एक रेझिस्टर घालतो, बऱ्याच मीटरांत तो शंभरेक ओहमचा असतो. १०० मिलिअँपिअर त्यातून जायचे तर त्याच्यावरच १० व्होल्ट पडायला हवेत, आणि आपली बॅटरी मुळात चार व्होल्टची. जागेपणी आणि झोपेत असं दोन्ही मोजायचं तर नॉर्डिक कंपनीच्या पॉवर प्रोफायलर किटसारखं उपकरण लागतं, जे आलेखच काढून दाखवतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत एखादं असेल तर मागून घ्या. नसेल तर दोन वेगळी मापं घ्यायची, झोपेचं मायक्रोअँपिअरवर आणि जागेपणाचं मोठ्या पट्टीवर, आणि बोर्ड जागा होताना मीटरच्या दोन टोकांना तार आडवी लावून त्याला वळसा द्यायचा. हे जुगाडी वाटेल, पण चालतं.

जागेपणाचा वेळ कसा छाटायचा

गळती थांबल्यावर खरा खर्च फोटोचा उरतो आणि मग त्या दीड सेकंदाकडे बघायचं. त्यात प्रत्यक्ष फोटो टिपायला लागणारा वेळ नगण्य असतो. बराचसा वेळ कॅमेऱ्याला उजेडाची सवय व्हायला जातो. ओव्ही २६४० सुरू झाल्यावरचे पहिले काही फोटो काळपट नाहीतर हिरवट येतात, ते फेकूनच द्यायचे असतात. यावर तोड आहे. मागच्या फोटोला उजेडाची जी मापं वापरली ती झोपण्याआधी जपून ठेवायची आणि उठल्यावर कॅमेऱ्याला तिथूनच सुरुवात करायला सांगायची. तीस सेकंदांत ऑफिसातला उजेड बदलत नाही. लोकलमधून फलाटावर उतरलात तर बदलतो, तेव्हा एखादा फोटो वाया जाईल.

दुसरं म्हणजे, दर तीस सेकंदांना फोटो हवाच कशाला? माणूस खुर्चीत बसून आहे तोवर सगळे फोटो एकाच कॉम्प्युटरच्या पडद्याचे. हालचाल ओळखणारा ॲक्सेलरोमीटर हा सेन्सर इथे उपयोगी पडतो. एडीएक्सएल ३६२ सारखा सेन्सर हालचालीची वाट बघत बसतो तेव्हा पाव मायक्रोअँपिअरच्या थोडं वर घेतो. मायक्रो, मिली नव्हे. माणूस हलला की तो चिपला उठवतो. याचा उलटा उपयोगही होतो. धक्क्याच्या क्षणी फोटो काढला तर तो पुसट येतो, म्हणून क्षणभर स्थिर होईपर्यंत थांबायचं. चालत्या लोकलच्या दारात हे जमेलच असं नाही.

आणि दोन मेगापिक्सेल तरी हवेत का? हिमॅक्स कंपनीचा एचएम०१बी० हा कॅमेरा सेन्सर ३२० बाय २४० ठिपक्यांचं काळंपांढरं चित्र सेकंदाला तीस वेळा टिपतानासुद्धा २ मिलिवॅटपेक्षा कमी घेतो. मघाच्या बोर्डाचा जागेपणीचा खर्च याच मापात चारशे मिलिवॅटच्या पुढे जातो. त्या चित्रावर दुकानाची पाटी वाचता येणार नाही. पण माणूस घरात आहे, रस्त्यावर आहे की गाडीत, एवढंच कळायचं असेल तर पुरे.

सेन्सर : कमी ठेवा

उत्साहाच्या भरात लोक सगळंच बसवतात. इथे माझं मत ठाम आहे, की ज्या प्रश्नाचं उत्तर हवं त्याला लागेल तेवढंच ठेवावं. जायरोस्कोप, म्हणजे गिरकी मोजणारा सेन्सर, बसवला की अर्धा-पाऊण मिलिअँपिअर कायमचा गेला. सेकंदाला शंभर वेळा सहा आकडे, प्रत्येकी दोन बाइट, असं लिहीत राहिलात तर दिवसाला १०४ मेगाबाइट होतात. आपले १४४० फोटो पन्नास किलोबाइटचे धरले तरी ७२ मेगाबाइटच होतात! चित्रांपेक्षा आकड्यांनी जास्त जागा खाल्ली, आणि त्या आकड्यांचं पुढे काय करायचं हे कुणालाच माहीत नसतं.

जीपीएस असाच उधळ्या. बाजारात सहज मिळणारं निओ ६ एम हे मॉड्यूल चालू असताना ४५ मिलिअँपिअरच्या आसपास घेतं. तेवढ्यावर आपली बॅटरी सात तासांत कोरडी. धुळीचं माप घेणारे लेझरचे सेन्सर, त्यांच्यातल्या पंख्यासकट, आणखी वर जातात. पावसाळी दमट हवेत धुळीचे कण पाणी धरून फुगतात आणि आकडा चढा दाखवतात, ते वेगळंच.

उलट हवेचा दाब मोजणारा बीएमई २८० हा सेन्सर सेकंदाला एकदा तापमान, दमटपणा आणि दाब तिन्ही मोजून साडेतीन मायक्रोअँपिअरच्या आसपास घेतो, आणि मुंबईत तो भलताच कामाचा आहे. समुद्रसपाटीजवळ आठेक मीटर उंची बदलली की दाब एक हेक्टोपास्कलनं (हे हवेच्या दाबाचं माप) बदलतो. मेट्रो ३ आरे ते कफ परेड जवळपास सगळी जमिनीखालून जाते, तिथे जीपीएसचा काही उपयोग नाही. पण सरकत्या जिन्यानं वीस मीटर खाली गेलात तर दाबाचा आलेख दोन-अडीच हेक्टोपास्कलनं चढतो आणि बाहेर आलात की उतरतो. टॉवरच्या लिफ्टमध्येही तेच. बोगद्यात गाडी हवा ढकलत येते तेव्हा आलेखात बारीक हेलकावे दिसतात, ते ओळखता आले की गाडीचं येणं-जाणंही कळतं. आकाशातल्या उपग्रहाला न विचारता माणूस केव्हा भुयारात शिरला हे सांगता येतं, ते फुकटात म्हणावं इतक्या विजेत.

तापमानाच्या बाबतीत मात्र सावध. डबी छातीला चिकटलेली असते, तेव्हा सेन्सर हवेचं नाही तर तुमच्या अंगाचं तापमान सांगतो. सेन्सर बाहेरच्या बाजूला, बॅटरी आणि चिपपासून लांब, आणि बोर्डात त्याच्याभोवती खाच कापून बसवावा लागतो.

घड्याळ आणि कार्ड

हा भाग कंटाळवाणा, पण इथे चुकलं तर सगळा डेटा रद्दी. चिप झोपेत वेळ मोजते ते आतल्या कच्च्या घड्याळावर, आणि ते एक टक्का चुकलं तरी दिवसाला चौदा मिनिटं इकडची तिकडे होतात. साधा घड्याळाचा क्रिस्टल जोडला तर चूक दिवसाला दीड-पावणेदोन सेकंदांवर येते. डीएस ३२३१ हे तापमान सांभाळून घेणारं घड्याळ वर्षाला मिनिटभराच्या आसपास चुकतं. फोटो आणि सेन्सर दोघांनी एकाच घड्याळाची वेळ घ्यावी, दोन घड्याळं कधी जुळत नाहीत.

कार्ड लिहिताना क्षणभर शंभर मिलिअँपिअर किंवा जास्त ओढतं. बॅटरी उतरत आलेली असेल तर नेमकं त्याच वेळी व्होल्टेज कोसळतं आणि फाइल अर्धवट राहते, कधी कधी सगळं कार्डच वाचता येत नाही. म्हणून सेन्सरचे आकडे एकेक करून न लिहिता साठवून, फोटोसाठी कार्ड जागं असेल तेव्हा एकदम लिहावेत, लगेच फाइल बंद करावी, कार्डाजवळ एक बऱ्यापैकी मोठा कपॅसिटर, म्हणजे क्षणभर पुरेल इतकी वीज साठवणारा भाग, बसवावा, आणि बॅटरी ३.४ व्होल्टच्या खाली गेली की लिहिणंच थांबवावं. शेवटची काही मिनिटं गमावली तरी आधीचा दिवस हाती राहतो.

‘मोठी बॅटरी लावा की!’

हा पहिला आक्षेप. लावा, पण ३०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी सहा-सात ग्रॅमची असते आणि २००० ची चाळीसच्या घरात. एवढं वजन शर्टाच्या खिशाला लोंबायला लागलं की डबी पुढे झुकते आणि दिवसभर स्वतःच्या बुटांचे फोटो निघतात. शिवाय गळती तशीच राहिली तर मोठा ड्रमही रिकामाच होतो.

बॅटरी कितीचीही असो, चार्जिंगचं बघा. सगळीकडे मिळणारं टीपी ४०५६ चं छोटं चार्जिंग मॉड्यूल १ अँपिअरवर बेतलेलं येतं. तीनशेच्या, पातळ पाकिटासारख्या पाउच बॅटरीला हा मारा झेपत नाही, ती तापते, फुगते, आणि तुम्ही ती छातीला लावणार आहात. त्या मॉड्यूलवर १.२ किलोओहमचा एक इवलासा रेझिस्टर असतो. तो काढून १० किलोओहमचा लावला की प्रवाह १३० मिलिअँपिअरवर येतो. सोल्डरिंगचं दोन मिनिटांचं काम. चार्ज करताना डबी उन्हात किंवा स्कूटरच्या डिकीत ठेवू नका, ४५ अंशांच्या वर या बॅटऱ्या चार्ज करायच्या नसतात.

‘सोलर का नाही?’

खोलीतल्या दिव्याच्या उजेडात सोलरच्या एका चौरस सेंटीमीटरमधून दहाएक मायक्रोवॅट मिळतात. वीस चौरस सेंटीमीटरचं, म्हणजे जवळपास अख्ख्या डबीच्या तोंडाएवढं पॅनल लावलं तर दोनशे. आपल्या एका फोटोला लागणारी ऊर्जा त्यातून जमायला तासभर लागेल. बाहेर उन्हात चित्र वेगळं असतं, पण आपण दिवसाचे किती तास उन्हात असतो?

‘सरळ मोबाइलवर पाठवा, कार्ड कशाला?’

वाय-फाय लावलं की खर्च दीड-दोनशे मिलिअँपिअरच्या वर जातो आणि जोडणी व्हायलाच काही सेकंद लागतात. म्हणजे फोटो काढण्यापेक्षा तो पाठवणं महाग. ब्लूटूथ कमी खातं, पण दिवसाचे ७२ मेगाबाइट सेकंदाला एक मेगाबिट या चांगल्या वेगानंही दहा मिनिटं घेतील आणि प्रत्यक्षात तो वेग मिळत नाही. रात्री चार्जिंगची केबल लावायचीच आहे, त्याच केबलनं डेटाही उतरवा. ब्लूटूथ ठेवायचंच तर ‘बॅटरी किती उरली, कार्ड भरलं का’ एवढं सांगण्यापुरतं ठेवा.

व्हिडिओचा मोह याच कारणानं आवरावा. बऱ्या दर्जाचा व्हिडिओ तासाला साडेतीन गिगाबाइट सहज घेतो आणि कॅमेरा, चिप, कार्ड तिघांनाही झोपू देत नाही. चष्म्याची बॅटरीही चित्रीकरणात अशीच झपाट्यानं उतरते. पोलिसांच्या छातीवरचे कॅमेरे जाडजूड का असतात त्याचंही कारण हेच. त्यांना सलग चित्रीकरणच लागतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत झडतीचं दृक्-श्राव्य चित्रीकरण सांगितलं आहे, आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली अशा फाइलसोबत तिची हॅश, म्हणजे फाइलमध्ये नंतर फेरफार झाला नाही हे ताडून बघायचा आकडा, नोंदवलेलं प्रमाणपत्र द्यावं लागतं. आपल्या डबीवर असलं ओझं नाही.

घाम आणि पाऊस

मुंबईत यंत्र मरतं ते बहुधा घामानं. घामात मीठ असतं, आणि ते चार्जिंगच्या खाचेत शिरलं की तांब्यावर हिरवी पुटं चढतात. बोर्डावर संरक्षक लेपाचा एक हात मारावा, मात्र दाबाच्या सेन्सरचं भोक आणि कॅमेऱ्याची काच झाकून. डबी पूर्ण बंद केली तर दमटपणा आणि दाब मोजता येत नाही, उघडी ठेवली तर जूनमध्ये पाणी आत. वाफ जाऊ देणारा आणि पाण्याचा थेंब अडवणारा टेफ्लॉनचा पातळ पडदा भोकावर चिकटवला की दोन्ही साधतं. तरी एसी ऑफिसातून बाहेर पडल्यावर काचेवर धुकं येतंच. ते आवरेपर्यंतचे फोटो सोडून द्यायचे.

आणि समोरच्या माणसाचं काय?

असं यंत्र लोकांच्या गळी उतरवण्याची दुसरी अडचण ही, आणि माझ्या मते मोठी. गर्दीच्या लोकलमध्ये तुमच्या खिशातला कॅमेरा रोज शेकडो अनोळखी चेहरे टिपणार. त्यांना कोणी विचारलं? ‘सीसीटीव्ही सगळीकडे आहेतच’ हे उत्तर मला पटत नाही. सीसीटीव्ही एका जागी असतो आणि त्याची पाटी लावलेली असते. तुमची डबी लेडीज डब्यात, मित्राच्या घरात, डॉक्टरच्या खोलीत तुमच्यासोबत जाते.

कायदा काय म्हणतो? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ई नुसार एखाद्याच्या शरीराच्या खासगी भागाचं चित्र संमतीशिवाय टिपणं हा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे, आणि ‘कॅमेरा आपोआप फोटो काढतो’ या सबबीवर मी तरी विसंबणार नाही. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा व्यक्तीच्या निव्वळ घरगुती वापराला लागू होत नाही. कॉलेज किंवा संस्थेसाठी डेटा गोळा केला की ती पळवाट गृहीत धरता येत नाही, संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी आधी घ्या.

बनवणाऱ्याच्या हातात बरंच असतं. सेन्सकॅमवर काही मिनिटं सगळं थांबवणारं बटण होतं, तसं ठेवा. काचेवर सरकवायचं झाकण ठेवा, म्हणजे समोरच्यालाही दिसतं की आता बंद आहे. कमी ठिपक्यांचा कॅमेरा घेतलात तर चार हातांवरचा चेहरा ओळखूच येत नाही. वीजही वाचते. चिपला झेपत असेल तर चित्रातून ‘गर्दी : जास्त’ एवढी नोंद काढून चित्र तिथल्या तिथे पुसून टाका. राहिलेल्या फोटोंवर सांकेतिक कुलूप (एन्क्रिप्शन) लावा, म्हणजे कार्ड हरवलं तरी ते कुणाला उघडता येणार नाहीत.

चालू असल्याचा लाल दिवा बाहेरून दिसेल असा ठेवा. ‘दिवा बॅटरी खातो’ ही सबब मी बऱ्याच प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत ऐकली आहे. मघाशी उपटायला सांगितला तो आतला, कायम जळणारा दिवा. हा दर दोन सेकंदांनी एका सेकंदाच्या शंभराव्या भागापुरता, २ मिलिअँपिअरवर लुकलुकवला तर सरासरी १० मायक्रोअँपिअर लागतात, दिवसाला पाव मिलिअँपिअर-तास. पाच फोटोंच्या खर्चात अख्खा दिवस.

करून बघणार असाल तर

शिकायला ईएसपी ३२ कॅम घ्या, पण त्यावरच अंतिम डबी बनवायचा हट्ट धरू नका. गळती त्याच्या रचनेतच आहे, आणि रेग्युलेटर बदलत बसण्यापेक्षा झोपेतला आकडा माहितीपत्रकात छापलेला दुसरा बोर्ड निवडणं शहाणपणाचं. तो आकडा कॅमेरा जोडलेला असतानाचा आहे का, हे दुकानातच विचारा. बहुतेक वेळा तो नुसत्या बोर्डाचा असतो. ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता तारा खोचायच्या पाटीवर, जोडणी करून एक पूर्ण दिवस टेबलावर चालवा, झोपेचा आणि फोटोचा प्रवाह मोजा, कागदावर दिवसाची बेरीज करा आणि तिच्यात चौथा हिस्सा मिळवा, कारण बॅटरी जुनी होत जाते. बॅटरी विकत घ्यायला मग जा, डबीचं माप त्यानंतर काढा.